ठेक्यात बांधलेली माफी

"'जाणता-अजाणता' म्हटलंस की थांबायचं," विनायकराव म्हणाले. "मनात तीन मात्रा मोज. मग 'माझ्या हातून'. तिथं घाई केलीस की सगळं सांडलंच म्हणून समज."

चिन्मयनं पोह्यांच्या बशीत चमचा ठेवला, डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. "आदरणीय नीळूआजोबा, ज्या हातांनी आमच्या घराण्याचं हरिनाम ठेक्यावर नाचवलं, त्याच हातांना जाणता-अजाणता... माझ्या हातून इजा झाली..."

"हां! आता कसं!" विनायकरावांनी टेबलावर थाप मारली. बशीतली जिलबी हलली. "ऐकलंस का गं? अंगावर काटा येतो की नाही?"

मालतीबाई गॅसपाशी उभ्या होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "माझ्या अंगावर अडीच महिने काटाच आहे," त्या म्हणाल्या. "त्याला आधी खाऊ द्या."

भोपाळच्या कोलार रोडवरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर सकाळपासून सगळे जमले होते. चिन्मयच्या बापानं, समीरनं, रजा टाकली होती. मानसी नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करता करता मध्येच थांबून मुलाकडे पाहायची. समीरची मोठी बहीण सुरुची चार इमलीहून साडेआठलाच आली होती. तिच्या नवऱ्याचा सरकारी बंगला तिथं, आणि भाऊ मारायचा तो टोमणाही तिथलाच.

"बाबा, एक विचारू?" सुरुची म्हणाली. "हे चिन्मयनं लिहिलंय का?"

"भाव त्याचा आहे. शब्द मी दिले."

"मग त्याला त्याचेच शब्द बोलू दे ना."

"त्याचे शब्द?" समीर हसला, पण त्यात हसणं नव्हतं. "त्याचे शब्द म्हणजे 'पता नहीं', 'मतलब', 'यार'. ताई, चार इमलीत बसून बोलणं सोपं आहे. आज तिथं काय लिहिलं जाईल त्यावर पोराचं पुढचं सगळं आहे. बाबांनी लिहिलंय ते उत्तम आहे. फक्त एक लक्षात ठेव, चिन्मय. 'ओळखलं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कोण पडलं ते दिसलं नाही, घाबरून गेलो, बस. कळलं?"

चिन्मयनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणी विचारलं नाही.

झालं होतं ते इतकंच, आणि इतकंच म्हणून सांगता सांगता घराचा दम निघाला होता. चैत्रात, रामनवमीच्या उत्सवाच्या सहाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला नीळकंठराव दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या लावून बरखेड्याच्या मंडळाच्या देवळाकडे चालले होते. एका पिशवीत तबला, दुसरीत डग्गा. मागून स्कूटर आली. चालवणारा चिन्मय, वय वर्षं सोळा, परवाना नाही. मागे बसलेला त्याचा मित्र गौरांग, ज्याच्या बापाची ती स्कूटर. नीळकंठराव उजव्या हातावर पडले आणि मनगटाची दोन हाडं मोडली. पानवाल्यानं पाहिलं की स्कूटर पुढं जाऊन थांबली, चालवणाऱ्यानं मागे वळून पाहिलं आणि मग सुसाट निघून गेला. मिठाईच्या दुकानावरच्या कॅमेऱ्यातून नंबर निघाला आणि पोलीस दारात आले ते थेट अकराव्या दिवशी.

सोळा वर्षांचा मुलगा, म्हणून प्रकरण मुलांच्या न्यायमंडळापुढं गेलं. तिथले न्यायाधीश आणि दोन सदस्य यांनी ठरवलं की चौकशी पुढं नेण्याआधी परिवीक्षा अधिकारी निकहत मॅडमनी दोन्ही घरांना एकत्र बसवावं. तिथं काही जुळलं तर ते मंडळासमोर येईल आणि समुपदेशन, सेवा असं काही सांगून प्रकरण मिटेल. नाही जुळलं तर चौकशी तिच्या वाटेनं जाईल. नीळकंठराव बसायला कबूल झाले, पण एका अटीवर. त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता, आणि त्याचं उत्तर पोरानं स्वतः द्यायचं होतं. प्रश्न कोणता, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो प्रश्न विनायकरावांच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. अठ्ठावीस वर्षं ते कीर्तनकार म्हणून नारदाच्या गादीवर उभे राहत आले होते आणि अठ्ठावीस वर्षं त्यांच्या डाव्या बाजूला तबल्यावर नीळकंठरावच असायचे. कारखान्यात पाळी एकच, निवृत्तीही एकाच वर्षी. आणि आता अडीच महिने दोघांत एक शब्द नव्हता. विनायकराव दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. दोन्ही वेळा नीळकंठरावांच्या मुलीनं, कांचननं, दारातच चहा दिला आणि सांगितलं की बाबा झोपलेत. दुसऱ्या वेळी आतून खोकला ऐकू आला होता.

"अहो," निघताना मालतीबाई म्हणाल्या, "तिथं तुम्ही कमी बोला."

"मी कुठं बोलणार? बोलणार तो."

"तेच म्हणतेय," त्या म्हणाल्या आणि देवघराकडे गेल्या.

*

विनायकरावांना न्यायालय पाहायची लहानपणापासून उत्सुकता. आख्यानात त्यांनी कितीतरी राजसभा उभ्या केल्या होत्या. हरिश्चंद्राची, विराटाची, खुद्द यमधर्माची. सिंहासन, भालदार, चोपदार, समोर हात बांधून उभा असलेला गुन्हेगार. त्यामुळं न्यायमंडळाच्या इमारतीच्या मागच्या खोलीत पाऊल टाकल्यावर ते दारातच थबकले.

खोलीत आठ खुर्च्या गोल मांडलेल्या. टेबल नाही. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, त्यातल्या एकात भोजतालात बुडणारा लालभडक सूर्य. कोपऱ्यात पाण्याचा माठ. निकहत मॅडम चाळिशीच्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. त्यांनी हसून हात जोडले.

"मुख्य खुर्ची कौन सी है?" विनायकरावांनी विचारलं.

"कोई नहीं, बाबूजी. जहाँ चाहें, बैठिए."

ते सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवत राहिले. आयुष्यभर एक तर समोर उभे, नाही तर समोर बसलेले. इथं समोर असं काही नव्हतंच. ज्या खुर्चीवर बसावं, तिच्यासमोर कुणीतरी येत होतं.

कांचन वडिलांना धरून आत आली. नीळकंठरावांचं प्लास्टर निघालं होतं. उजव्या हाताची बोटं अर्धवट मिटलेली, आणि तो हात त्यांनी डाव्या हातावर असा ठेवला होता की जणू कुणीतरी थोडा वेळ सांभाळायला दिलाय. ते विनायकरावांच्या नेमके समोर बसले. बघितलं मात्र माठाकडं.

निकहत मॅडमनी पर्समधून एक लहानसा भोपाळी बटुवा काढला. मखमलीचा, जरीचं काम केलेला, लोंबत्या गोंड्यांचा. "ये मेरी नानी का है," त्या म्हणाल्या. "जिसके हाथ में ये, वही बोलेगा. बाक़ी सब सुनेंगे. बस, यही एक क़ायदा है यहाँ का."

विनायकरावांना हे फार आवडलं. कीर्तनाची रीतही अशीच. ज्याच्या गळ्यात हार तो बोलेल, मग तो वयानं कितीही लहान असो. ऐकणारा बाप असो की आजोबा, त्यानं मुकाट ऐकायचं आणि शेवटी पायाही पडायचं. त्यांनी हे मॅडमना सांगायला तोंड उघडलं, पण बटुवा चिन्मयच्या हातात गेला होता.

चिन्मय उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, सवयीनंच राहिला. "आदरणीय नीळूआजोबा," त्यानं सुरुवात केली. आवाज स्वच्छ होता. 'ठेक्यावर नाचवलं' वर तो थांबला. 'जाणता-अजाणता' नंतर बरोबर तीन मात्रा थांबला. 'क्षमेची भिक्षा' म्हणताना त्याचा आवाज खाली उतरला, अगदी शिकवल्यासारखा. कांचननं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मराठी जेमतेम कळणाऱ्या निकहत मॅडमसुद्धा पुढं झुकून ऐकत होत्या.

आणि विनायकरावांनी पाहिलं की नीळकंठरावांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलतायत. अगदी हलकी, पण हलतायत. त्यांचं काळीज सुपाएवढं झालं. लागलं! जिथं लागायचं तिथं लागलं!

चिन्मय बसला. नीळकंठरावांनी डावा हात पुढं केला, बटुवा घेतला आणि गोंडे कुरवाळत म्हणाले, "छान झालं. पाठांतर चोख आहे."

"काका..." समीर म्हणाला.

मॅडमनी नुसतं बोट वर केलं.

"'जाणता-अजाणता'नंतर तीन मात्रा," नीळकंठराव म्हणाले. आता ते थेट विनायकरावांकडे बघत होते. "तिथं मी तुकडा घ्यायचो. हरिश्चंद्राच्या आख्यानात, डोंबाघरचं पाणी भरतानाची जागा. 'नाचवलं'वर तिहाई. 'भिक्षा'वर नुसता डग्गा घुमवायचा, तबला नाही. अठ्ठावीस वर्षं वाजवलंय मी हे. झोपेत ऐकलं तरी बोटं चालतात, ही बघा, आत्तासुद्धा चालली." त्यांनी डावा हात वर करून दाखवला. "विनायकराव, हे तुमचं आहे. मला तुमची माफी नको होती. तुम्ही माझं काय वाकडं केलंय?"

कांचन मॅडमच्या कानाशी हिंदीत सांगत होती. "अच्छा..." मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी विनायकरावांकडे असं पाहिलं की जणू एखादं कोडं अर्धं सुटलंय.

विनायकरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भर सभेत कुणी त्यांचं उपरणं ओढलं असतं तरी इतकं वाटलं नसतं. कारण ते खरं होतं. पोराची माफी लिहिताना त्यांनी तबल्यासाठी जागा सोडल्या होत्या. सवयच ती. समोर नीळकंठच असणार, हे ठाऊक असूनही.

"आता माझा प्रश्न," नीळकंठराव म्हणाले. आवाज चढला नाही. "चिन्मय, तू मला ओळखलंस हे मला ठाऊक आहे. माझा डग्गा घरंगळत नालीकडं गेला होता आणि तू आधी त्याच्याकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. पळालास, तेही समजतं. घाबरला की माणूस पळतो, मीही पळालो असतो तुझ्या वयाला. पण नंतर दहा दिवस होते बाबा. पोलीस येईपर्यंत दहा दिवस. त्याच संध्याकाळी तू उत्सवात प्रसाद वाटत होतास म्हणे. मी इस्पितळात पडल्या पडल्या रोज विचार करायचो की मला पाडणारा आत्ता काय करत असेल. तू आहेस हे तेव्हा धड कुणाला सांगवत नव्हतं. माझी खात्री होती, पण तोंड उघडेना. म्हटलं, येईल. स्वतःहून येईल. तर मला एवढंच सांग. ते दहा दिवस तू काय करत होतास?"

त्यांनी बटुवा पुढं केला. चिन्मयनं तो घेतला.

"त्याला धड दिसलंच नव्हतं, काका," समीर घाईघाईनं म्हणाला. "ऊन होतं, आणि..."

"समीर जी," मॅडम म्हणाल्या. "बटुआ किसके पास है?"

"लेकिन मैडम, बच्चा है, घबरा जाएगा..."

"घाबरू दे," मानसी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून ती एक वाक्य बोलली नव्हती, आणि हे बोलायलाही तिच्या हातात बटुवा नव्हता. पण मॅडम तिला काही म्हणाल्या नाहीत.

चिन्मय गोंडा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. "मी..." तो म्हणाला. "मतलब... मी सांगणार होतो." पुन्हा गोंडा. "त्याच दिवशी. मी ठरवलं होतं की कीर्तन संपलं की आबांना सांगीन. गौरांग म्हणत होता, पागल है क्या, चुप रह. पण मी ठरवलं होतं. पक्कं. मी मुद्दाम पुढं बसलो, म्हणजे पहिला पाया पडायला जाता येईल."

"मग?" नीळकंठराव म्हणाले.

"मग आबा बोलले."

विनायकराव खुर्चीत पुढं सरकले. "मी? मी काय बोललो?"

"गादीवरून," चिन्मय म्हणाला. तो आजोबांकडे पाहत नव्हता. "तुम्ही म्हणालात की आज तबला नाही, कारण आमच्या नीळकंठरावांना पाडून कुणी पळालंय. म्हणालात, ज्यानं पडलेल्या म्हाताऱ्याकडं वळून पाहिलं आणि तरी पाठ फिरवली, त्याला मी माणूस म्हणणार नाही. त्याला या देवळाची पायरीसुद्धा चढू देऊ नका." त्यानं गोंडा सोडला. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खूप वेळ. मी पण वाजवल्या."

त्यानं गोंडा पुन्हा बोटाला गुंडाळला.

"मग पाया पडायला आलो तेव्हा... एकदम से काही सुचेना. कसं सांगणार? मी तर पायरी चढून आत बसलो होतो. तुम्ही मला बुक्का लावलात. मग वाटलं, उद्या सांगू. मग परवा. नीळूआजोबा, मी दोनदा इस्पितळाच्या गेटपर्यंत आलो होतो. सच में. एकदा कांचनमावशी डबा घेऊन आत जाताना दिसल्या, मी परत फिरलो. काय करत होतो म्हणाल तर... काहीच नाही. उद्याची वाट बघत होतो."

एवढं बोलून त्यानं बटुवा मांडीवर ठेवला. डोळे पुसले नाहीत. ते वाहतायत हे त्याला बहुधा कळलंही नव्हतं.

विनायकरावांना ते वाक्य आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. पूर्वतयारीचं नव्हतं ते, तिथल्या तिथं उमटलेलं. सभागृह असं उसळलं होतं की झांज खाली ठेवून त्यांना थांबावं लागलं. चार दिवस माणसं भेटून सांगत होती, बुवा, काय बोललात! पुढच्या खेपेला हे आख्यानात कुठं बसवता येईल, असाही विचार त्यांनी केला होता. आणि त्यांना आणखी एक आठवलं. त्या संध्याकाळी रांगेत पहिला चिन्मयच होता. तो वाकला तेव्हा पायांना लागलेले त्याचे हात बर्फासारखे गार होते. "कुल्फी हाणून आलास ना, लबाडा?" ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, आणि रांग हसली होती.

त्यांना बोलायचं होतं. हात पुढं गेला, पण बटुवा नातवाच्या मांडीवर होता. मग विनायकराव थांबले. कुणाच्या बोलण्याची वाट पाहत असं हात पसरून बसणं त्यांना नवं होतं. चिन्मयनं ते पाहिलं आणि बटुवा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"मला..." ते म्हणाले. "मी..." मग त्यांनी बटुवा नीळकंठरावांना देऊन टाकला.

*

"अब आगे क्या?" निकहत मॅडमनी विचारलं. "जो टूटा है, वो कैसे जुड़े? नीळकंठ जी, आप क्या चाहते हैं?"

"डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय," नीळकंठराव म्हणाले. "कोमट पाण्यात हात ठेवायचा, एकेक बोट उघडायचं, मिटायचं. अर्धा तास. कांचनची नोकरी आहे, तिला होत नाही. हा येईल. रोज पाच वाजता. बसनं यायचं, स्कूटरचं नाव नको. आणि पाठ केलेलं काही बोलायचं नाही. गप्प बसला तरी चालेल."

"येईन," चिन्मय म्हणाला.

"बोटं पुन्हा चालतील की नाही, ते ठाऊक नाही हां. डॉक्टरही सांगत नाहीत."

"येईन," तो पुन्हा म्हणाला.

मॅडम लिहून घेत होत्या. समीरनं सुस्कारा सोडला. एवढ्यावर भागलं! त्यानं पेनसाठी खिशात हात घातला.

"अजून आहे," नीळकंठराव म्हणाले. "विनायकराव, ते वाक्य. गादीवरून बोललात, ते गादीवरूनच मागे घ्या."

"म्हणजे?" समीर म्हणाला. "काका, लोक विचारतील ना, का म्हणून. मग चिन्मयचं नाव..."

"नाम नहीं आएगा," मॅडम झटकन म्हणाल्या. "बच्चे का नाम, पहचान, कुछ भी बाहर नहीं. क़ानून है."

"मग मी सांगू काय?" विनायकरावांना अखेर कंठ फुटला. "कारण सांगायचं नाही आणि शब्द मागे घ्यायचे? भरल्या सभेत? लोक म्हणतील बुवांना चळ लागला! म्हणतील, पळणाऱ्याची बाजू घेतायत! त्या गादीवरून आजवर एक शब्द मी परत घेतला नाही, नीळकंठराव."

"ठाऊक आहे," नीळकंठराव म्हणाले. "मी तिथंच बसलेलो असायचो."

"हे जास्त होतंय," सुरुची म्हणाली. आणि गंमत अशी की सकाळी वडिलांच्या विरुद्ध उभी राहिलेली ती आता त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून होती. "बाबांना यात का ओढायचं? त्यांना कुठं माहीत होतं कोण आहे ते? सत्तरीच्या माणसाला सगळ्यांसमोर..."

"ओढायचं कशाला, ताई? ते होतेच यात," मानसी म्हणाली. "मीसुद्धा होते. दहा दिवस त्याचं ताट अर्धं परत यायचं. मी म्हणायचे, परीक्षेचं टेन्शन. एकदा जवळ घेऊन विचारलं असतं तर?" ती समीरकडे वळली. "आणि आज सकाळी आपण त्याला काय शिकवलं? ओळखलं म्हणू नकोस."

समीर पेन उघडत होता, मिटत होता.

विनायकराव समोर बघत बसले. बघायला समोर एकच माणूस होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटलेली होती. अठ्ठावीस वर्षांत या माणसानं त्यांच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, मानधनाचा नारळसुद्धा तो देवापुढं ठेवून जायचा. हट्ट कसला धरलाय यानं? स्वतःसाठी आहे का? मुळीच नाही. ती पायरी पोराला पुन्हा चढता यावी, म्हणून आहे. हे उमगलं आणि विनायकरावांना आपल्याच बुद्धीचं नवल वाटलं. क्षमेवर त्यांनी शेकडो पूर्वरंग लावले होते. पण क्षमा मागणाऱ्याला ती मागायला दार उघडं लागतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"गुरुपौर्णिमेला कीर्तन आहे माझं," ते म्हणाले. "लिहून घ्या, मॅडम."

*

न्यायमंडळानं बैठकीचं लिहिलेलं मान्य केलं, चिन्मयला दोन शब्द सुनावले, समुपदेशनाच्या तारखा दिल्या आणि सहा महिन्यांनी अहवाल मागवला. गौरांगचं वेगळं ठरलं. पाचची वेळ चिन्मयनं एकदाही चुकवली नाही. तिथं काय बोलणं होतं ते तो घरी सांगत नसे, आणि मालतीबाईंनी विनायकरावांना विचारू दिलं नाही.

गुरुपौर्णिमेला बरखेड्याच्या देवळाचं सभागृह गच्च भरलं होतं. बाहेर पावसाची झड. चपलांचा ढीग आत घेतलेला, उदबत्तीच्या वासात ओल्या छत्र्यांचा वास मिसळलेला. पेटीवर नेहमीचे मास्तर होते. डाव्या बाजूला नीळकंठराव आपल्या जागी बसले. पुढ्यात डग्गा होता, तबला नव्हता.

पूर्वरंग झाला. नेहमीप्रमाणे बुक्का लावला गेला, गळ्यात हार पडला. आता उत्तररंग, आख्यान. विनायकरावांनी झांज खाली ठेवली.

"आख्यानाआधी एक सांगायचंय," ते म्हणाले. "चैत्रात याच गादीवरून मी एक वाक्य बोललो. आमच्या नीळकंठरावांना पाडून गेलेल्याला माणूस म्हणणार नाही, त्याला इथली पायरी चढू देऊ नका, असं. तुम्हाला ते आवडलं होतं. मलाही आवडलं होतं. ते चुकीचं होतं. कुणाची पायरी बंद करायला मला इथं उभं केलेलं नाही. का सांगतोय, ते विचारू नका, मी सांगणार नाही. ते वाक्य मी माघारी घेतो."

सभागृहात कुजबुज उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "बुवांना झालंय तरी काय आज?" पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी भुवया चढवून शेजाऱ्याकडं पाहिलं. विनायकराव सवयीनं थांबले. एक, दोन, तीन मात्रा. सवयीनंच त्यांची नजर डावीकडं गेली.

नीळकंठरावांचा डावा हात डग्ग्यापाशीच होता. त्यांनी तो उचलला नाही. ते नुसते बघत राहिले. ती जागा रिकामीच गेली. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत विनायकराव तिच्यात उभे राहिले, आणि किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग त्यांनीच झांज उचलून गजराला सुरुवात केली. दुसऱ्या आवर्तनाला डग्गा घुमला. एकटाच, खालच्या सुरात.

आरती झाली. पाया पडायची रांग लागली. काही जण आज रांगेत आलेच नाहीत, छत्र्या शोधत परस्पर निघून गेले. चिन्मय पहिला नव्हता. तो सगळ्यांना पुढं जाऊ देत होता, आणि अगदी शेवटी आला. वाकला. विनायकरावांनी त्याचे हात पायांवरून उचलून आपल्या हातांत घेतले. हात ऊनऊन होते, कोमट पाण्यात रोज बुडून बोटांची टोकं मऊ पडलेली. मग विनायकरावांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला.

"आज कुल्फी नाही वाटतं?" ते हळूच म्हणाले.

"तेव्हाही नव्हती खाल्ली, आबा," चिन्मय म्हणाला.